पिकवता येते म्हणून पिकवावेच का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत वाढवली गेली की आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात दर वेळी एकच सूर उमटतो : जी डाळ आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली, ती मोझांबिकहून आणि म्यानमारहून बोटीने आणण्याची वेळ आपल्यावर का यावी? त्याच पानावर, कांद्याच्या निर्यातीवर बंधने आली की, जगाची बाजारपेठ आपल्या शेतकऱ्याला मोकळी असली पाहिजे असा तितकाच तळमळीचा आग्रह धरलेला दिसतो. दोन्ही पत्रांमागची कळकळ खरी आहे, परंतु या दोन मागण्या फार काळ एकत्र नांदू शकत नाहीत, कारण आपला कांदा जे विकत घेतात त्यांच्याही वर्तमानपत्रांत ‘हा कांदा आपल्या मातीत पिकत नाही काय?’ असे विचारणारे वाचक असतातच. मी कांद्याच्या पट्ट्यात राहतो आणि नोकरीचा सारा काळ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात घालवला आहे. तेव्हा या विषयावर थोडे विस्ताराने लिहिण्याची मुभा असावी.

एखादी वस्तू आपल्याला पिकवता येते की नाही, आणि दुसऱ्यापेक्षा चांगली पिकवता येते की नाही, यावरून ती आपणच पिकवावी की विकत घ्यावी हे ठरत नाही. ते ठरते ती पिकवताना हातचे काय सोडावे लागते यावरून. यालाच अर्थशास्त्रात तुलनात्मक लाभाचा सिद्धांत म्हणतात. डेव्हिड रिकार्डो या लंडनच्या शेअर बाजारात गडगंज झालेल्या गृहस्थाने १८१७ साली अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात हे इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या उदाहरणाने मांडले. ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडला वर्षभरासाठी १०० माणसे लागतात आणि ठरावीक द्राक्षमद्य करायला १२०. पोर्तुगालला तेच मद्य ८० माणसांत आणि तेच कापड ९० माणसांत करता येते. म्हणजे पोर्तुगाल दोन्ही कामांत सरस आहे. वरवर पाहणारा म्हणेल की पोर्तुगालने दोन्ही वस्तू घरीच कराव्यात आणि इंग्लंडने नशिबाला बोल लावावा. पण पोर्तुगालने ८० माणसांचे मद्य देऊन इंग्लंडचे कापड घेतले, तर घरी ९० माणसे राबवून जे मिळाले असते ते ८० माणसांत मिळते. आणि इंग्लंडने १०० माणसांचे कापड देऊन मद्य घेतले, तर घरी १२० माणसांचे काम झाले असते ते १०० माणसांत भागते. एकाची १० माणसे मोकळी होतात, दुसऱ्याची २०. ज्याला दोन्ही कामे वाईट जमतात त्यालाही व्यवहारात जागा असते, आणि ज्याला दोन्ही उत्तम जमतात त्यालाही दुसऱ्याची गरज असते.

आपल्याकडचा कोणताही जाणता गवंडी हे न शिकता जाणतो. माल कालवण्यात तो आपल्या बिगाऱ्यापेक्षा चलाख असतो. तरीही तो कालवायला बसत नाही, कारण तेवढ्या वेळात भिंतीचा एक थर चढायचा राहतो. बिगाऱ्याला मात्र कालवताना भिंतीच्या कामाला मुकावे लागत नाही, कारण भिंत त्याला बांधता येतच नाही किंवा फार हळू येते. हा हिशेब दोन माणसांत आपल्याला सहज पटतो; दोन तालुक्यांत, दोन राज्यांत, दोन देशांत मांडला की मात्र तो कुणाला तरी देशद्रोहाचा वाटू लागतो.

रिकार्डोच्या उदाहरणात न सांगितलेली एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण सिद्धांताचे भक्त ती वगळतात. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यातील हा व्यापार निव्वळ खर्चाच्या गुणोत्तरातून उगवलेला नव्हता. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडाला दार उघडले होते आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्यापेक्षा एक-तृतीयांश कमी जकात घेण्याचे इंग्लंडने कबूल केले होते. म्हणजे कोणी काय करावे हे केवळ हवामानाने आणि कौशल्याने ठरले नाही, सरकारच्या कागदावरही ठरले. आजचा लाभ हा कालच्या धोरणाचाही परिणाम असू शकतो, आणि चुकीच्या धोरणातून खोटा लाभही उभा करता येतो. महाराष्ट्राला हे समजायला लिस्बनपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. सोलापूरपर्यंत गेले तरी पुरे.

ऊस हे आपल्या राज्याचे अभिमानाचे पीक आहे. हेक्टरी उतारा आणि साखरेचा उतारा या दोन्हींत आपण पूर्वापार उत्तर प्रदेशाच्या पुढे राहिलो. कोल्हापूरचा साखर उतारा तर देशात नावाजलेला. (अलीकडे ‘को ०२३८’ या वाणाने उत्तर प्रदेशाने अंतर बरेच कमी केले, ही गोष्ट वेगळी.) म्हणून ऊस आपलाच, असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो नेमका पोर्तुगालने दोन्ही वस्तू घरी कराव्यात म्हणण्यासारखा आहे. हेक्टरमागे मोजले तर आपण सरस आहोत. पण महाराष्ट्रात तुटवडा हेक्टरांचा नसून पाण्याचा आहे, आणि साखरेच्या किलोमागे पाणी मोजले तर गंगेच्या खोऱ्यातल्या, जमिनीखाली मुबलक पाणी असलेल्या प्रदेशाच्या तुलनेत अवर्षणप्रवण महाराष्ट्र कितीतरी मागे पडतो. पिकाखालील क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्के जागा व्यापणारे हे पीक राज्याच्या सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी घेते, हा हिशेब केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच मांडलेला आहे. पंचगंगेच्या काठचा ऊस आणि मांजरेच्या काठचा ऊस यांत फरक करायला हवा, हे मी मानतो. पश्चिम घाटाच्या पायथ्याला जे पीक शोभते ते लातूरला शोभेलच असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, ते साल आपण फार लवकर विसरलो.

तरीही मी ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणार नाही. त्याचा हिशेब चोख आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, तोडणी कारखाना करतो, गारपिटीत उसाचे फारसे बिघडत नाही आणि दिल्लीत कुणाला भाजी महाग वाटली म्हणून उसाचा भाव एका रात्रीत निम्मा होत नाही. कालव्याच्या पाण्याची आणि विहिरीवरच्या विजेची खरी किंमत त्याच्या बिलात येत नाही. ज्या गोष्टीची किंमतच मांडलेली नाही ती तो सोडतो आहे, हे त्याला कसे दिसावे? तुलनात्मक लाभाचा सिद्धांत चुकीच्या किमतींवर चालवला की चुकीचेच उत्तर देतो. तराजूच्या दोषाचे खापर मात्र मालावर फोडले जाते.

आता तुरीकडे वळतो. तूर हे आपल्या कोरडवाहू पट्ट्याचे पीक आहे. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, लातूर या भागांत सोयाबीनच्या किंवा कपाशीच्या चार-सहा ओळींमागे तुरीची एखादी ओळ असते. या एका ओळीसाठी शेतकरी फारच थोडे सोडतो : मुख्य पीक निघून गेल्यावर ती जमिनीतल्या ओलाव्यावर उभी राहते, जमिनीत नत्र ठेवून जाते आणि पाऊस दगा देऊन गेला तर हाताशी तेवढाच आधार राहतो. अशा तुरीच्या बाबतीत आपली बाजू पक्की आहे; तिच्याशी मोझांबिकची तूर स्पर्धा करू शकत नाही आणि तिला करायला लावूही नये. प्रश्न येतो तो कमी पडणाऱ्या तुरीचा. अलीकडच्या वर्षांत देशाची तुरीची आयात साधारण आठ ते बारा लाख टनांच्या दरम्यान राहिली आहे. आपला सरासरी उतारा हेक्टरी आठ-नऊ क्विंटलांच्या आसपास वर्षानुवर्षे अडकलेला असल्याने, दहा लाख टन तूर जादा पिकवायची तर अकरा-बारा लाख हेक्टर लागतात. महाराष्ट्राचे तुरीखालील आजचे सगळे क्षेत्र साधारण तेवढेच आहे. म्हणजे आणखी एक महाराष्ट्र तुरीला द्यावा लागेल. तो कुठून काढायचा?

सोयाबीनचा काढला तर तेलबिया घटतात, आणि खाद्यतेलाच्या बाबतीत आपली अवस्था डाळीपेक्षा कितीतरी बिकट आहे. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलहून, सूर्यफुलाचे तेल रशिया-युक्रेनहून येते. डाळीची आयात थांबवण्यासाठी सोयाबीन मोडले तर डाळीच्या बोटीऐवजी तेलाची बोट येईल, इतकाच फरक. आणि बागायती जमिनीवर, म्हणजे कांदा, द्राक्ष, भाजीपाला यांच्या जमिनीवर तूर नेली तर हेक्टरमागचे जे उत्पन्न आपण सोडू ते तुरीच्या उत्पन्नाच्या किती पट असेल हे निफाडच्या किंवा तासगावच्या शेतकऱ्याला विचारावे. एका पिकातील स्वयंपूर्णतेची किंमत दुसऱ्या पिकातील परावलंबनाने मोजावी लागते, ही गोष्ट घोषणेत मावत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

मोझांबिकची बाजूही पाहण्यासारखी आहे. तिथली माणसे तूर फारशी खात नाहीत. उत्तरेकडच्या जिल्ह्यांतील लहान शेतकरी ती मुख्यतः आपल्यासाठी पिकवतात. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे त्यांचे पीक जुलै-सप्टेंबरमध्ये निघते आणि ऑगस्ट-नोव्हेंबरमध्ये आपल्या बंदरात येते, म्हणजे आपल्याकडची जुनी तूर संपत आलेली असते आणि नवी डिसेंबरपर्यंत यायची नसते तेव्हा. दोन ऋतूंच्या उलट्या चालीने मिळणारा हा लाभ कोणत्याही वाणाच्या संशोधनाने मिळणारा नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा हे आपल्या ध्यानात आले; जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला आणि तिथून होणारी डाळींची आयात टप्प्याटप्प्याने वर्षाला दोन लाख टनांपर्यंत नेण्याचे ठरवले. तिथल्या शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. त्याच खरिपात आपल्याकडे पाऊस चांगला झाला, चढ्या भावाने आपल्याही शेतकऱ्याने तूर वाढवली, विक्रमी पीक आले, भाव हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ५,०५० रुपयांच्या, खाली गेला आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातली खरेदी केंद्रे बारदान्याअभावी बंद पडली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. करारातला माल त्यातून वगळला होता, तरी कराराबाहेरच्या मालाचा बाजारच गेल्याने मोझांबिकमधले भाव कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लागले, आणि कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात आपल्यासाठी वाटाणा पेरणाऱ्या शेतकऱ्यांनाही आपल्या धोरणाची ओळख पटली. डिसेंबर २०२३ मध्ये तोच वाटाणा आपण शुल्कमुक्त केला. ज्याच्याकडून विकत घ्यायचे तो विकायला टिकून राहावा, एवढाही विचार या उलटसुलट फेऱ्यांत दिसत नाही.

हेच कांद्यात आपण विक्रेते म्हणून केले. या बाबतीत मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

नाशिक जिल्ह्याचा कांद्यातील लाभ केवळ माती-हवेचा नाही. लासलगावची बाजार समिती १९४७ पासून आहे. एन-२-४-१ सारखे वाण याच पट्ट्यात निवडले गेले. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. उन्हाळ कांदा चार-सहा महिने टिकवणाऱ्या चाळी बांधण्याचे ज्ञान, पात कापताना मान किती ठेवायची हे जाणणाऱ्या मजूर बायकांचे हात, प्रतवारी करणारे खळे, सकाळचा लिलाव, न्हावा-शेव्याला जाणारे कंटेनर आणि सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या मालगाड्या हे सगळे मिळून तो लाभ झाला आहे. एकाच कामात पिढ्या घातल्याने कौशल्य वाढते, कौशल्य वाढल्याने खर्च उतरतो, खर्च उतरल्याने गिऱ्हाईक वाढते आणि गिऱ्हाईक वाढले की त्या कामात आणखी माणसे, आणखी भांडवल येते. रिकार्डोच्या माणसांच्या आकड्यांत न दिसणारा हा दुसरा नफा आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा. पण त्याला एक अट आहे. गिऱ्हाईक उद्याही येऊ शकेल, याची खात्री हवी.

ती खात्री आपण कशी मोडली ते तारखांनीच सांगतो. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. १ जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (म्हणजे त्याहून कमी भावाने बाहेर विकता येणार नाही), ८ डिसेंबर २०२३ ला सरसकट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. डिसेंबर २०२३ ची बंदी लाल कांद्याच्या ऐन आवकेत आली. उन्हाळ कांद्यासारखा लाल कांदा चाळीत थांबत नाही. तो काढला की विकावाच लागतो. दोनेक आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्याच्या आसपास आला. ज्यांनी आधीच सौदे केले होते त्यांचा माल बंदरात आणि सीमेवर खोळंबला.

याचा जो परिणाम आपल्या भावावर झाला त्यावर बरेच लिहिले गेले आहे. गिऱ्हाइकावर झालेल्या परिणामाबद्दल कोणी बोलत नाही. २०१९ च्या बंदीनंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे त्या व्यापाऱ्यांच्या सभेत हसत हसत म्हणाल्या आणि आधी थोडी कल्पना दिली असती तर बरे झाले असते, असेही त्यांनी सुनावले. सभेत हशा पिकला. पण बांगलादेशाने ते हसण्यावारी नेले नाही. म्यानमार, तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तान जिथून मिळेल तिथून माल आणला आणि घरी कांदा वाढवण्याचे धोरण धरले. मार्च २०२३ मध्ये तर आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून त्यांनीच भारतीय कांद्याची आयात थांबवली आणि बाजार भडकल्यावर जूनमध्ये पुन्हा सुरू केली. रब्बीत कांद्याला दिलेली तिथली जमीन भात, गहू, मोहरी यांपैकी कशाकडून तरी काढून घेतलेली आहे. ज्याला कांदा स्वस्तात पिकवता येतो तो भाव नाही म्हणून कांदा मोडतो आहे, आणि ज्याला तो महागात पडतो तो खात्री नाही म्हणून कांदा लावतो आहे. दोन्ही देशांचे नुकसान करणारी ही व्यवस्था कोणत्याही अर्थशास्त्राने सांगितलेली नाही. ती अविश्वासातून उभी राहिली आहे.

आणि हा अविश्वास सरहद्दीवर थांबत नाही. निर्यातबंदीत दोनदा पोळलेला शेतकरी तिसऱ्या वर्षी पाण्याची सोय असेल तर काय करतो? ऊस लावतो. सरकार ज्या पिकाच्या भावाशी खेळत नाही त्या पिकाकडे तो जातो, मग त्याला पाणी कितीही लागो. निर्यातबंदीची प्रत्येक अधिसूचना हे उसाला दिलेले एक अप्रत्यक्ष अनुदानच आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. कांदा, तूर आणि ऊस ही तीन वेगळी भांडणे म्हणून लढवली जातात; माझ्या मते ते एकच आहे.

स्वयंपूर्णतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी मला मान्य आहेत. पहिली, अन्नासारख्या वस्तूत एकाच-दोघांवर विसंबणे धोक्याचे असते. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली तेव्हा कांद्याच्या बाबतीत आपण ढाक्याला जे दाखवतो ते जकार्ताने आपल्याला दाखवले. बंदी महिनाभरही टिकली नाही, पण घबराट पुरेशी झाली. यावर उपाय म्हणजे विक्रेते अनेक ठेवणे आणि साठा बाळगणे. तो विम्याच्या हप्त्यासारखा खर्च आहे आणि सगळेच घरी पिकवण्यापेक्षा खूप स्वस्त आहे. तेलाच्या बाबतीत घरी वाढवायचेच असेल तर मराठवाडा-सोलापूरच्या रब्बीतली करडई आधी वाढवावी. काळ्या जमिनीतल्या ओलाव्यावर येणाऱ्या त्या पिकासाठी फारसे काही सोडावे लागत नाही, आणि तरीही तिचे क्षेत्र आपण डोळ्यांदेखत आटू दिले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. व्यापाराने देशाचा फायदा होतो याचा अर्थ देशातील प्रत्येकाचा होतो असा नाही. आयात तुरीमुळे मुंबई-पुण्याच्या घरातील वरण स्वस्त होते आणि त्याची किंमत अकोल्याच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होते. २०२४-२५ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता आणि नवी तूर बाजारात आल्यावर अनेक ठिकाणी ती त्याखाली विकली गेली. रिकार्डोची १० आणि २० माणसे मोकळी झाली, पण ती दुसऱ्या कामाला लागेपर्यंत काय खातात हे त्याने सांगितले नाही. ज्यांना फायदा झाला त्यांच्याकडून थोडे घेऊन ज्यांना तोटा झाला त्यांना देणे हे सरकारचे काम आहे. ते होणार नसेल तर शेतकऱ्याने आयातीला विरोध करणे अगदी शहाणपणाचे आहे, आणि त्याला अर्थशास्त्र कळत नाही म्हणणाऱ्यांनी आपली पगारी नोकरी क्षणभर बाजूला ठेवून पाहावे.

गाव पूर्वी स्वयंपूर्ण होते, या जुन्या दाखल्याबद्दलही एक वाक्य लिहितो. कोकणातले मीठ लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी घाट चढून देशावर येत होते, आणि नाणेघाटातला जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण सातवाहनांच्या काळाची आठवण सांगतो. व्यापार आपल्याकडे कोणी परक्याने आणून लावलेला नाही.

माझी सूचना साधी आहे. बंदीचे हत्यार म्यान करावे आणि त्याजागी शुल्काची आधी जाहीर केलेली पायरी असावी : बाजारभाव अमुक पातळीच्या वर गेला तर कांद्यावर इतके निर्यातशुल्क, खाली आला की आपोआप शून्य, तुरीच्या आयातीला तेच उलट्या दिशेने. झालेल्या सौद्यांचा माल कोणत्याही परिस्थितीत अडवू नये. शहरांतील भाव आवरण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये कांद्याचा राखीव साठा तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेला होता. असा साठा हाताशी असताना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंदी का लागली, याचे उत्तर शेतकऱ्याला अजून मिळालेले नाही. साठा हा बंदीला पर्याय म्हणून असला पाहिजे, जोड म्हणून नव्हे.

तुरीसाठी तर ऋतूंनीच वेळापत्रक लिहून दिले आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर आयात शुल्कमुक्त असावी, आणि डिसेंबर ते मार्च, म्हणजे आपली तूर बाजारात असताना, हमीभाव आणि आयात किंमत यांतील तफावत भरून काढेल एवढे शुल्क असावे. त्या शुल्कातून येणारा पैसा याच चार महिन्यांतील हमीभावाच्या खरेदीला लावावा, आणि बारदान्याची सोय नोव्हेंबरातच करून ठेवावी. आपला शेतकरी जूनमध्ये तूर पेरतो आणि मोझांबिकचा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. दोघांनाही पेरणीपूर्वी दर कळायचा तर हे वेळापत्रक एका वेळी किमान दोन हंगामांचे असले पाहिजे आणि दर वर्षी मेअखेरपर्यंत पुढच्या वर्षाचे जाहीर झाले पाहिजे. आज मुदत संपायला काही आठवडे उरले असताना ती वाढवण्याची अधिसूचना निघते, आणि तोवर अकोल्याचा गिरणीवाला, लातूरचा अडत्या व मोझांबिकमधल्या नकाला बंदरातला निर्यातदार हे तिघेही अंदाजावर माल धरून बसतात. राज्याच्या कृषी आणि पणन खात्यांनी निदान एवढी मागणी केंद्राकडे लेखी करावी, आणि आपल्या जिल्ह्यांतून निवडून गेलेल्या खासदारांनी तिचा पाठपुरावा संसदेत करावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक